चित्र जिथे जन्मले तिथेच पाहावे

रोमच्या तीन दिवसांत संग्रहालयांना अधिक वेळ द्यावा की चर्चना, या प्रश्नावर बहुतेक जण संग्रहालयांची बाजू घेतात. मला मात्र चर्चना झुकते माप द्यावेसे वाटते.

पियाझ्झा नव्होनाजवळच्या सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमधल्या एका छोट्या चॅपेलमध्ये, म्हणजे बाजूच्या प्रार्थनाकक्षात, काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने येशूचा शिष्य संत मॅथ्यू याच्या जीवनावर रंगवलेली तीन चित्रे आहेत. त्यांतील डाव्या भिंतीवरच्या ‘संत मॅथ्यूला पाचारण’ या चित्रात जकातीच्या टेबलाभोवती बसलेल्या माणसांवर उजवीकडून प्रकाशाचा तिरपा झोत येतो, आणि त्या चॅपेलची खरी खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर आहे. चित्रातला उजेड आणि वास्तूतला उजेड यांची दिशा चित्रकाराने एक केली, हे तिथे उभे राहिल्यावर जसे उमगते तसे कोणत्याही छापील प्रतीतून उमगत नाही. १६०० सालच्या सुमाराची ही चित्रे आजही जागेवरच आहेत आणि ती पाहायला तिकीट लागत नाही. रोममधल्याच सांता मारिया देल पोपोलो या चर्चमध्येही काराव्हाज्जोची आणखी दोन चित्रे अशीच जागेवर पाहता येतात.

व्यवहाराचे थोडे: अनेक चर्च दुपारी काही तास बंद असतात, प्रार्थनेच्या वेळी फिरू देत नाहीत, आणि खांदे व गुडघे झाकलेले असावेत अशी अपेक्षा असते. जवळ सुटी नाणी ठेवावीत, कारण काही ठिकाणी नाणे टाकल्यावरच चित्रावरचा दिवा लागतो.

रोमखेरीज उत्तर इटलीतल्या पादुआ शहरालाही जाणार असाल, तर जोत्तो या चित्रकाराने रंगवलेल्या स्क्रोवेन्यी चॅपेलचे आरक्षण मात्र आधीच करावे.