मदत हवी आहे: फक्त दोन प्रोग्रामसाठी विंडोजची परवानगीची खिडकी थांबवता येईल का?

घरच्या काँप्युटरवर विंडोज ११ आहे. माझं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, आईचं साधं स्टँडर्ड. अडचण दोनच प्रोग्रामची आहे, आणि दोन्ही आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय.

एक आईचा, फोटोंची सूची ठेवणारा जुना प्रोग्राम. तिने आयकॉनवर डबल क्लिक केलं की स्क्रीन काळवंडते आणि माझा पासवर्ड मागितला जातो. मी घरी नसले की तिचं काम अडतं. पासवर्ड तिला देऊन ठेवायचा नाहीये. उद्या कोणी फोनवर गोड बोलून तो टाकायला लावला तर सगळा काँप्युटरच त्याच्या हातात जाईल.

दुसरा माझा. पंख्याचा वेग आणि प्रोसेसरचं तापमान दाखवतो. त्याला पासवर्ड लागत नाही, पण दर वेळी 'येस' दाबावं लागतं.

जिथे विचारावं तिथे एकच उत्तर मिळतं: यूएसीचा, म्हणजे ही खिडकी दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, स्लायडर तळाला ओढा. तसं केलं तर माझ्या खात्यात कुठलाही प्रोग्राम न विचारता अ‍ॅडमिनचे अधिकार घेईल. ते मला नको आहे. पण उठसूट खिडकी येत राहिली की न वाचताच 'येस' दाबायची सवय लागते, याचीही तितकीच काळजी वाटते. एखाद्या दिवशी पिवळी पट्टी आणि 'अननोन पब्लिशर' असं दिसेल, तेव्हा हात थांबायला हवा. विश्वासातल्या प्रोग्रामची यादी कुठे देता येते का?

प्रतिसाद १

यूएसीत अशी यादीच नाही. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर हा प्रकार आला, विंडोज ७ मध्ये स्लायडर मिळाला, पण 'याला पुन्हा विचारू नकोस' अशी सोय कधीच दिली गेली नाही. स्लायडरला हात लावू नका हे तुमचं अगदी बरोबर. मधली 'स्क्रीन न काळवंडता विचारा' ही पायरीही टाळा. स्क्रीन काळवंडते तेव्हा खिडकी वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर असते, त्यामुळे दुसरा प्रोग्राम तुमच्या वतीने 'येस' दाबू शकत नाही.

तुमच्या दोन्ही प्रोग्रामचा उपाय मात्र वेगवेगळा आहे.

फोटोंच्या प्रोग्रामला अ‍ॅडमिनचे अधिकार बहुधा लागतच नसावेत. असे जुने प्रोग्राम आपली सेटिंग्ज 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात, आणि तिथे साध्या खात्याला लिहिता येत नाही. आधी आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅब बघा. 'रन धिस प्रोग्राम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वर खूण असेल तर काढा. ती पुसट दिसत असेल तर खालच्या 'चेंज सेटिंग्ज फॉर ऑल यूजर्स'मधून काढावी लागेल. मग सेटिंग्ज जतन होईनात, तर तो प्रोग्राम आईच्या खात्यातल्या एखाद्या फोल्डरमध्ये नव्याने इन्स्टॉल करा.

धागाकर्ती

खूण होतीच! काढल्यावर आईच्या खात्यात न विचारता उघडला. पण सेटिंग्ज खरंच जतन होत नाहीत, आणि इन्स्टॉलर जागा बदलू देत नाही. त्याच्या फोल्डरवर आईला लिहायची परवानगी दिली तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब, एडिट, तिथे फक्त आईचं खातं जोडून 'मॉडिफाय' द्या. त्या एकाच फोल्डरला, अख्ख्या प्रोग्राम फाइल्सला नाही. यापुढे तो प्रोग्राम तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून कधीही चालवू नका. साध्या खात्यातून बदलता येणारी फाइल अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवली तर मधली भिंतच उरत नाही.

प्रतिसाद २

तापमानाच्या प्रोग्रामबद्दल. तो थेट हार्डवेअरशी बोलतो, त्याला अधिकार खरोखरच लागतात. तुमच्या खात्यातून टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करणारी विंडोजची सोय) उघडा, 'क्रिएट टास्क', 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर खूण करा, अ‍ॅक्शनमध्ये प्रोग्रामची फाइल द्या. ट्रिगर 'अ‍ॅट लॉग ऑन' ठेवला की लॉग-इन केल्यावर तो न विचारता आपोआप सुरू होतो. टास्क बनवताना एकदा अ‍ॅडमिन म्हणून दिलेली परवानगीच पुढे चालते. म्हणूनच प्रोग्राम डाउनलोड्समध्ये वगैरे पडलेला नको, प्रोग्राम फाइल्समध्येच हवा. नाहीतर ती फाइल बदलून दुसरं काहीही तुमच्या नावाने गुपचूप चालेल.

आईच्या खात्यासाठी हा मार्ग निरुपयोगी आहे. स्टँडर्ड खात्याचा 'हायेस्ट' म्हणजेही स्टँडर्डच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आईच्या सेटिंग्ज आता टिकतात आणि पासवर्ड माझ्याजवळच राहिला. तापमानाचा प्रोग्रामही न विचारता सुरू होतो. फक्त लॅपटॉप चार्जरला लावलेला नसेल तर होत नाही. ते कुठे बदलायचं?

प्रतिसाद २

त्याच टास्कच्या कंडिशन्स टॅबमध्ये एसी पॉवरची अट आपोआप लागलेली असते, ती काढा. शेजारच्या सेटिंग्ज टॅबमध्ये ३ दिवसांनी टास्क थांबवण्याची खूणही असते. लॅपटॉप बंद न करता नुसता झोपवत असाल तर तीही काढा, नाहीतर प्रोग्राम मधेच बंद पडेल.