मदत हवी आहे: भाचीला युक्रेनला वार्तांकनासाठी जायचंय

नमस्कार मंडळी. भाची फ्रीलान्स फोटोपत्रकार आहे. युक्रेनला जायचंच म्हणतेय, ताईने अबोला धरलाय आणि मी मध्ये अडकलोय. परवा रात्री पाहिलं तर ही हॉलमध्ये बसून स्वतःच्याच मांडीला टूर्निके (रक्तस्राव थांबवायचा पट्टा) आवळतेय, मोबाइलवर सेकंद मोजत!

ताईची भीती उगाच नाही. आपला फोटोपत्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ ला अफगाणिस्तानात स्पिन बोल्दकमध्ये मारला गेला, तोही रॉयटर्ससारखी वृत्तसंस्था पाठीशी असताना. हिच्या पाठीशी कोण?

पण भाचीचंही पटतं. युद्धवार्ताहर मेरी कॉल्विनने २०१२ मध्ये सीरियातल्या होम्समधून, मरणाच्या आदल्याच दिवशी, छर्रा लागून गेलेल्या बाळाबद्दल सांगितलं. ती तिथे नसती, तर 'अतिरेक्यांवर कारवाई' एवढंच आपल्या कानावर आलं असतं.

तर, कुणाला अनुभव असल्यास सांगा: युद्धक्षेत्रासाठीचं प्रथमोपचार आणि सुरक्षा प्रशिक्षण भारतात कुठे मिळतं? आमच्या एजंटच्या प्रवास विम्यात युद्ध वगळलंय; फ्रीलान्सरला वेगळा विमा मिळतो का? रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांसाठीच्या संस्थेकडून बुलेटप्रूफ जॅकेट कुणी उसनं घेतलंय? आणि स्थानिक दुभाष्याचा विमा कोण काढतं? हे भाचीनेच विचारायला सांगितलंय.

'जाऊ देऊ नका' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते ताई रोज ऐकवते.