पायरसीच्या साइट्स सरकारने थेट बंद कराव्यात, की कोर्टातूनच?

ध्वनीवाला
मी मराठी सिनेमात ध्वनीचं काम करतो. पडद्यावर नायिका जिना चढते तेव्हा ऐकू येणाऱ्या चपला बहुधा माझ्यासारख्याच कुणाच्या तरी असतात. गेल्या महिन्यात आमचा सिनेमा शुक्रवारी लागला. शनिवारी दुपारी आतेभावाचा फोन, “मस्त झालाय रे!” कुठे पाहिलास विचारलं, तर म्हणे टेलिग्रामवर. शेवटच्या पाट्यांमध्ये माझं नाव आलं तेव्हा घरच्यांनी टाळ्याही वाजवल्या.

आमचं गणित असं असतं, की पहिल्या रविवारपर्यंत खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारपासून शो उतरतात. त्यानंतर लिंक बंद झाली काय नि न झाली काय.

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा कडक झाला. चोरून चित्रण करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद, दंड ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने नोडल अधिकारी, म्हणजे पायरसीच्या तक्रारी घेणारे अधिकारी, नेमले. तक्रार गेली की ४८ तासांत लिंक उतरवायची. वाचायला छान आहे. पण शुक्रवारी रात्री तक्रार केली तर ४८ तास भरतात रविवारी रात्री, म्हणजे आमच्या तेराव्यालाच.

म्हणून माझं म्हणणं: प्रदर्शनाच्या पहिल्या १० दिवसांत सरकारने ३ तासांच्या आत, कोर्टबिर्ट न करता, अख्खी साइट बंद करावी. बोला.

तालुक्याचा प्रेक्षक
आमच्या गावातलं थिएटर पाडून मंगल कार्यालय झालं. जिल्ह्याला जायचं तर एसटी, तिकिटं, पोरांचं खाणं, पाचशेच्या दोन नोटा सहज जातात. तुमच्या चपलांचा आवाज मी कुठे ऐकू?

राउटर रीस्टार्ट
तीन तासांत बंद कराल, चौथ्या तासाला तीच साइट नवी शेपटी लावून हजर. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यावरच तोडगा काढला होता: मूळ साइटवर बंदी आली की तिच्या नव्या नकला त्याच आदेशाला जोडायच्या, प्रत्येकीसाठी वेगळा दावा नको. तरी साइट्स आहेतच. बंदी म्हणजे बऱ्याचदा इंटरनेट कंपनीने आपल्या पत्त्यांच्या वहीतून एक नाव खोडणं. माझा आठवीतला भाचा दोन मिनिटांत दुसरी वही लावतो.

शिवाय २०१६ मध्ये एक गाजलेला हिंदी चित्रपट प्रदर्शनाआधीच फुटला, तेव्हा त्या प्रतीवर ‘सेन्सॉरसाठी’ अशी अक्षरं होती. म्हणजे प्रत थिएटरातून गेलेलीच नव्हती. तिथे साइट बंद करून काय होणार?

पोथीनिष्ठ
ध्वनीवाले, तुमच्या दुःखाशी सहमत, उपायाशी साफ असहमत. ऑगस्ट २०१७ मध्ये मी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांवर एक टिपण लिहीत होते. स्कॅन होते इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथालयावर. एका सकाळी साइट उघडेना. आधी वाटलं वायफाय गेलं. मग वाटलं, बिल भरायचं राहिलं. नंतर बातमी आली: दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश आणला होता आणि अडीच हजारांहून जास्त साइट्सच्या यादीत आर्काइव्हचंही नाव होतं. तिथल्या लोकांना आधी कुणी विचारलंही नव्हतं. एक लिंक नको असेल तर ती उतरवा ना! इथे अख्ख्या ग्रंथालयाला कुलूप.

आणि हे कोर्टातून झालं. न्यायाधीशांसमोरून अशी यादी सुटते, तर तुमच्या तीन तासांत अधिकारी काय तपासणार? घाईत माणूस यादी वाचत नाही, सही करतो.

वकिली चष्मा
थोडी भर. सरकार कोर्टाशिवाय ज्या कलमाखाली साइट्स बंद करतं, त्या आयटी कायद्याच्या ६९अ मध्ये देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणं आहेत. कॉपीराइट नाही. ते तिथे घुसवलं की उद्या व्यंगचित्रात सिनेमाचं एक चित्र वापरलं म्हणूनही बटण दाबता येईल.

अवांतर: आपल्या राज्याला कडक कायद्याची हौस जुनीच. एमपीडीए माहीत असेल, झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्याचा १९८१चा कायदा. २००९ मध्ये त्यात व्हिडिओ पायरेटही घातले. खटला न चालवता वर्षभरापर्यंत आत! पायरसी थांबली का, ते आतेभावाला विचारा.

ध्वनीवाला
पोथीनिष्ठताई, आर्काइव्हचं माहीत नव्हतं. अख्ख्या साइटचा मुद्दा मागे घेतो, पण पूर्ण नाही. ज्या साइटवर चोरीच्या सिनेमांशिवाय काहीच नाही, तिच्यासाठी कसलं ग्रंथालय? आणि भाचा वही बदलतो म्हणून दाराला कडीच लावायची नाही का? आतेभाऊ काही तंत्रज्ञ नाही. लिंक उघडली नसती तर कंटाळून त्याने तिकीट काढलं असतं. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट कंपन्यांची संघटना, यांच्या २०२४च्या अहवालात पायरसीचा धंदा २२,४०० कोटींचा सांगितलाय.

राउटर रीस्टार्ट
तो आकडा उद्योगाच्या बाजूने आलेला. फुकट पाहणारा प्रत्येक जण तिकीट काढणारच होता असं धरून हिशेब करायचा नसतो. वर तालुक्याचे प्रेक्षक बसलेत, त्यांच्याकडून एक रुपया बुडाला का? थिएटरच नाही.

तालुक्याचा प्रेक्षक
महिन्याभराने पन्नास रुपयांत रीतसर मोबाइलवर द्या, देतो की. मला फुकटची हौस नाही.

पोथीनिष्ठ
एक सुचवते. कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून एक सोय आहे: नोटीस मिळाल्यावर मजकूर २१ दिवस दाबून ठेवायचा, तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत खुला करता येतो. नोडल अधिकाऱ्याच्या आदेशालाही तीच अट लावा. हवं तर ४८चे ६ तास करा, पण फक्त त्या एका लिंकेपुरते, बंद केलेल्यांची यादी जाहीर ठेवून. २१ दिवसांत आदेश नाही, तर कुलूप आपोआप उघडलं पाहिजे.

ध्वनीवाला
६ तास चालतील. २१ दिवसांत आदेश आणायला वकील कुठला? दिल्लीतले ते दावे मोठ्या स्टुडिओंचे असतात. आमच्या निर्मात्याने घर गहाण टाकून सिनेमा केलाय.

वकिली चष्मा
एकट्याने कशाला लढायचं? चित्रपट महामंडळाने सगळ्या मराठी निर्मात्यांसाठी एक वकील नेमावा, खर्च वाटून घ्यावा.

ध्वनीवाला
महामंडळाचं नाव काढलंत! आता पुढचे चाळीस प्रतिसाद त्यावरच येणार. मी चहा टाकतो.