चाळिशीनंतर हुला
चाळिशी उलटल्यावर हुला, म्हणजे हवाई बेटांचा पारंपरिक नाच, शिकायला उशीर झाला का, असा प्रश्न पडतो. अजिबात नाही! हवाईतल्या होनोलुलूत मी सुरुवात केली तेव्हा सेहेचाळिशीची होते, आणि वर्गात माझ्याहून मोठ्या बायकाच जास्त होत्या.

फक्त संथ, सोपा नाच समजून जाऊ नका. गुडघे सतत वाकलेले, खांदे स्थिर. काहोलो म्हणजे बाजूला चार मात्रांची चाल: उजवा, डावा जवळ, उजवा, डावा टेकवायचा. पहिला महिनाभर एवढंच. मांड्या अशा भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे.

खरी मेहनत मात्र शब्दांची. हात गाण्याचा अर्थ सांगतात, म्हणून आमच्या कुमु, म्हणजे गुरू, आधी ओळी पाठ करून घेतात. वर्गाच्या दाराशी ‘ओली’, म्हणजे पारंपरिक पठण, गाऊन परवानगी मागायची, आतून उत्तर आलं की मगच पाऊल टाकायचं. 1830 मध्ये हवाईच्या काआहुमानू राणीने जाहीर हुलावर बंदी घातली होती. पुढे कालाकाउआ राजाने त्याला पुन्हा मान दिला. हे कळल्यापासून दाराशी माझा आवाज दरवेळी भरून येतो.

उकुलेले या छोट्या गिटारसारख्या वाद्याच्या साथीवरच्या आउआनाने, म्हणजे आधुनिक शैलीच्या हुलाने, सुरुवात करा. भोपळ्याच्या इपू या तालवाद्यावरचं काहिको, म्हणजे जुन्या शैलीचा हुला, नंतर, कुमु सांगतील तेव्हा.