साडेचार वर्षांचा मुलगा लिहायला बसतच नाही, काय करू?

सिंहगडरोडची_आई
नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ज्युनिअर केजीत. शाळेतून रोज दुरेघी वहीत एक पान अक्षरं आणि चौकटीच्या वहीत 1 ते 50 लिहून आणायला सांगतात. पहिल्या दोन ओळी होतात, मग तो पेन्सिल खाली ठेवतो. परवा म्हणाला, "आई, माझा हात झोपलाय." मी रागावले. त्यानं मुकाट्यानं पेन्सिल उचलली आणि इतकी दाबून लिहायला लागला की पान फाटलं. ते पान अजून वहीत तसंच आहे, बघितलं की मला भरून येतं.

बाकी तो हुशार आहे. बसवरचे आकडे लांबून ओळखतो, ऐकलेली गोष्ट आजीला पुन्हा सांगतो, मोरीत पाणी अडवून धरण बांधतो. पण डायरीत शेरा आलाय, "लेखनाचा सराव घ्यावा." जावेची मुलगी याच्याच वयाची, ती शंभरापर्यंत लिहिते. आम्हीच कुठे कमी पडतोय का? शाळा बदलावी का?

कोथरूडकर_बाबा
आमच्या मुलीचंही असंच होतं. जाड तिकोनी पेन्सिल आणा आणि रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं बसवा. सवय लागली की होतं. फार लाडही नकोत, पुढे पहिलीत जड जातं.

बालवाडीच्या_ताई
सिंहगडरोडच्या ताई, आधी ते फाटलेलं पान वहीतून काढून टाका. तो ती वही रोज उघडतो, तेव्हा त्यालाही ते दिसतंच.

मी पर्वतीच्या पायथ्याशी बावीस वर्षं बालवाडी घेते. पहिली चार-पाच वर्षं मीसुद्धा मुलांकडून गिरवून घ्यायचे, कारण पालकांना भरलेली वही दिसायला हवी असायची. एक मुलगा होता, तो लिहायला बसवलं की शू आली म्हणायचा. रोज. मला तो बहाणा वाटायचा. एके दिवशी अंगणात त्याला खडूचा बारीक तुकडा दिला, तर त्यानं फरशीवर भला मोठा साप काढला, अख्ख्या हातानं, खांद्यापासून. सुंदर वळणं होती. त्या मुलाला रेघ येत होती, दुरेघीत मावेल एवढी बारीक रेघ येत नव्हती. त्याला सहा महिने उगाच छळलं, हे मला अजून लागतं.

बघून आकार काढण्याचा एक क्रम असतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढतं, चौथ्याच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि तिरप्या रेघांचा त्रिकोण त्याच्याही नंतर. कुणाचं चार महिने पुढे, कुणाचं मागे. आता आपला "अ" डोळ्यांसमोर आणा: दोन अर्धगोल, मधली आडवी दांडी, उभा काना, वर शिरोरेघ, आणि हे सगळं एका बोटाएवढ्या जागेत! म्हणून मी अक्षर आधी कानानं देते. "ग" ऐकू येणारे शब्द शोधायचे: गाय, गवत, गाजर, बाग. मग परातीत रवा पसरून त्यात बोटानं काढायचं. पेन्सिल सगळ्यात शेवटी.

आकड्यांचंही तसंच. शंभरापर्यंत लिहिणाऱ्या मुलाला म्हणावं, "मला सात शेंगदाणे दे." पुष्कळ जण मूठभर देतात. सात-सात शेंगदाण्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा, मग एक ओळ जरा पसरवा आणि विचारा, जास्त कशात? या वयाची बरीच मुलं पसरलेल्या ओळीत म्हणतात. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञानं हेच दाखवून दिलं होतं. मुलाचं काही चुकत नाही, त्याला डोळ्यांना लांब दिसतं ते जास्त वाटतं. हे ओलांडायला वस्तू हाताळाव्या लागतात. जेवताना ताटं मांडू द्या, प्रत्येक ताटाला एक वाटी. ते खरं गणित आहे.

आणि हे आजकालचं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला वाढवलं. शंख-शिंपले, पानं, बिया हेच तिथलं साहित्य होतं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, आणि तिथे खेळातून शिकण्यावर भर आहे. बाईंशी बोलताना याचा आधार घ्या, पण भांडू नका. त्यांच्यावर वरून वह्यांचा दबाव असतो. "महिनाभर एका पानाऐवजी दोन ओळी चालतील का?" एवढंच विचारा. शाळा बदलायचा विचार त्यानंतर.

कोथरूडकर दादा, ठरलेली वेळ हवी हे मला पटतं. पण ती पंधरा मिनिटं मटार सोलण्याची असली तरी हात तयार होतो.

हातांची_थेरपी
मी लहान मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठी मुलांना मदत करते. ताईंशी सहमत आहे. फक्त एक गोष्ट सांगते, कारण ती व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरते. मनगटातली 8 छोटी हाडं जन्मतः मऊ कूर्चेची असतात आणि पुरती घट्ट व्हायला बरीच वर्षं लागतात, हे खरं. पण तेवढ्यावरून लिहिणं वर्ज्य असं होत नाही. खांदा स्थिर राहणं, मनगट वर उचललेलं राहणं आणि बोटं सुटी हलणं, अडचण बहुधा यात असते.

तो लिहायला बसतो तेव्हा त्याचे पाय लोंबकळतात का, बघा. तसं असेल तर पायाखाली पाट ठेवा. खडू अंगठ्याच्या पेराएवढा तोडून द्या, आपोआप बोटांत धरला जातो, मुठीत धरता येत नाही. भिंतीवर कागद चिकटवून उभ्यानं चित्र काढू द्या. कपड्यांचे चिमटे लावणं, ओलं फडकं पिळणं, कणीक मळणं, बागेत दांड्याला लटकणं, हे सगळं उपयोगी. पाच पूर्ण झाल्यावरही हातानं जेवणं, बटण लावणं जमत नसेल, सारखा धडपडत असेल, किंवा हात दुखतो असं खेळतानाही म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सिंहगडरोडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून लिहितेय. बाई दोन ओळींना तयार झाल्या, वर म्हणाल्या की त्यांनाही एवढं लिहून घेणं पटत नाही. पाय खरंच लोंबकळत होते! देवघरातला जुना पाट दिलाय.

शेंगदाण्यांची गंमत तशीच झाली, पसरलेल्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाला, "यात जास्त." मी काही बोलले नाही. रात्री पोळ्या करताना त्याला कणकेचा गोळा दिला, तर त्यानं लांब वळी केली, ती वळवली आणि मला हाक मारली, "आई, गाजराचा ग!" काना जरा आडवा पडला होता. मी तो तव्यावर भाजून दिला आणि त्यानं तुपाबरोबर खाल्ला.

बालवाडीच्या_ताई
उद्या त्याला "म" करायला सांगा. आणि काना आडवाच राहू द्या.