सोनेरी रणगाड्याचे दिवस: नो लिमिट रेकॉर्ड्सच्या आठवणी लिहा

परवा गराज आवरताना बुटाचं एक खोकं सापडलं, आत सगळ्या सीड्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त नो लिमिटच्या, म्हणजे मास्टर पी ह्या रॅपरच्या रेकॉर्ड कंपनीच्या. कव्हरवर हिरे, सोनं, धूर, आगीचे लोळ आणि कोपऱ्यात त्यांचं बोधचिन्ह, तो सोनेरी रणगाडा. मुलगा म्हणाला बाबा, हे फटाक्यांच्या खोक्यावरचे कागद आहेत का. खरं सांगतो, उत्तर देता आलं नाही.

मी 1997 ला लुइझियानातल्या बॅटन रूजला एमएस करायला आलो. घरी नाट्यसंगीत, हॉस्टेलवर रहमान, रॅप म्हणजे बाबा सेहगल एवढीच अक्कल. लॅबमधला एक मित्र न्यू ऑर्लिन्सचा होता, दर शुक्रवारी तो घरी जायचा आणि मला फुकटची सैर. त्याच्या जुन्या शेवरोलेच्या डिकीत दोन मोठे स्पीकर. गाडी सुरू झाली की मागची नंबर प्लेट अशी थडथडायची की पहिल्यांदा मला वाटलं गाडीचं काहीतरी तुटलंय, मी त्याला थांब म्हणालो तर तो हसून हसून लोळायचा बाकी. त्या गाडीत मास्टर पीचं ते पोटातून आलेलं 'अह्ह' ऐकलं. म्हशीला ठसका लागावा तसं. आठवड्याभरात मी स्वतः करायला लागलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मास्टर पी म्हणजे पर्सी मिलर, न्यू ऑर्लिन्सच्या कॅलिओपी प्रोजेक्ट्समध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी चाळींत वाढलेला. आजोबा गेल्यावर हातात आले 10 हजार डॉलर, त्यात कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला रेकॉर्डचं दुकान टाकलं, त्याचंच पुढे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी झाली. मग बिऱ्हाड परत न्यू ऑर्लिन्सला. 1996 ला प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी करार केला तो असा की माल दुकानात पोचवायचं काम त्यांचं, मास्टर टेप्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची मालकी, मात्र ह्याची. माझा मित्र त्या कराराबद्दल असा बोलायचा की जणू त्याच्या काकानेच सही केलीय. गाणी आवडणं एक, पण 'आपल्या गावच्या माणसाने न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसवाल्यांपुढे हात नाही पसरला' हा माज त्याच्या चालण्यात पण दिसायचा.

तुमच्या कोणाच्या आठवणी असतील तर लिहा. नसतील तरी लिहा.

* * *

अरे देवा, कुठला विषय काढलात! मी न्यू ऑर्लिन्सला लागून असलेल्या मेटरीला वाढले, तेव्हा दहावीत होते. आमच्या शाळेत अर्ध्या वह्यांवर बॉलपेनने रणगाडे काढलेले असायचे. पण माझी खरी आठवण मार्डी ग्राची, म्हणजे तिथल्या कार्निव्हलची आहे. आम्ही सेंट चार्ल्स अॅव्हेन्यूला परेड बघायला जायचो, आई छत्री उलटी धरून माळा गोळा करायची (एका वर्षी पोतंभर, अजून माळ्यावर आहेत). शाळांचे मार्चिंग बँड एकामागून एक येतात, आणि त्या वर्षी जो येईल तो मास्टर पीचं तेच गाणं, 'मेक देम से अह्ह'. ते अंगाभोवती गुंडाळलेले पितळी भोंगे असतात ना, वीसेक पोरं एकदम त्यात फुंकतात तेव्हा छातीत हलतं. आणि बँड थांबला की त्या जागी रस्त्यावरची सगळी पब्लिक, म्हाताऱ्या बायका सुद्धा, 'अह्ह'!! आई पण. तिला शब्द काहीच माहीत नव्हते, मी सांगितलेही नाहीत, वेडी आहे का मी. ती म्हणाली अगं हे आपल्याकडच्या वरातीतल्या बँजो पार्टीसारखंच आहे की. मला अजूनही वाटतं बीट्स बाय द पाउंडवाल्यांचे, म्हणजे केएलसी, मो बी डिक वगैरे जे नो लिमिटचं संगीत करायचे त्यांचे ड्रम ह्या बँडमधूनच आलेत. स्नेअर ड्रम ऐका नीट, कडकड वाजतो, रस्त्यावरचाच आहे तो.

* * *

माझा किस्सा छोटा आहे. 1998, नुकताच वाय-टू-केवाला होऊन ह्यूस्टनला उतरलेलो, पहिल्या पगारातून एका मोठ्या स्वस्त दुकानातून मास्टर पीचा 'एमपी द लास्ट डॉन' घेतला. डबल अल्बम, पहिल्या आठवड्यात जवळपास 5 लाख खपलेला, म्हटलं आपण पण घ्यावा. घरी येऊन लावला तर दर दोन शब्दांनी आवाज गायब. मला वाटलं प्लेअर खराब. तो उघडला, कापसाने लेन्स पुसली, परत लावला, परत तेच. शेवटी रूममेटने सांगितलं की ते दुकान फक्त शिव्या कापलेली आवृत्ती ठेवतं. आधीच इंग्रजी निम्मं कळायचं, त्यातलं निम्मं कापलेलं. तरी मी ती दोन वर्षं ऐकली, आता मूळ गाणं लागलं की मलाच कानकोंडं होतं.

* * *

मी अमेरिका बघितली नाही, इचलकरंजीत फ्लेक्सचं काम करतो, पण मला ह्यातलं थोडं कळतं म्हणून लिहितो. 2006-07 ला इंटरनेट कॅफेत फॉन्ट शोधता शोधता ही कव्हरं दिसली आणि मी उडालोच राव. पेन अँड पिक्सेल, ह्यूस्टनच्या दोन भावांची कंपनी, 1992 ची. माणूस कापून घेतलाय, मागे बंगला, पुढे गाडी, गाडीवर चकाकी, अक्षरं हिऱ्यांची, एका कव्हरवर चाळीस गोष्टी, आणि सगळं एकाच वेळी पुढे येतंय. च्यायला हे तर आपले वाढदिवसाचे फ्लेक्स! आमच्याकडे पण गिऱ्हाईक हेच म्हणतं, साहेबांचा फोटो मोठा, खाली पंचवीस कार्यकर्ते, मागे वाघ, नावाला सोनेरी चमक, आणि मोकळी जागा दिसली की पैसे वाया गेल्यासारखं तोंड करतं. डिझाइनच्या कोर्सवाली पोरं हसतात. हसू देत. चौकात गाडीवरून जाणाऱ्याला दोन सेकंदात दिसलं पाहिजे, आणि दुकानात शंभर सीड्यांच्या फळीवर पण तेच. मी त्यांची हिऱ्याची अक्षरं कोरलमध्ये, म्हणजे आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, करायला तीन रात्री घालवल्या, एकेक खडा हाताने. पहिला फ्लेक्स एका कुस्तीच्या मैदानाचा केला. गाणी नंतर ऐकली, गाण्यांबद्दल काही बोलत नाही.

* * *

फ्लेक्सवाले भाऊ, नमस्कार घ्या _/\_

बाकी कौतुक पुरे आता. मी न्यू ऑर्लिन्समध्येच तीन वर्षं काढली आणि मी कॅश मनीवाला, म्हणजे त्याच गावच्या दुसऱ्या रॅप लेबलचा. 1998 ह्या एका वर्षात नो लिमिटने वीसहून जास्त अल्बम काढले, प्रत्येकात अठरा-वीस गाणी, त्यातली चार ऐकण्यासारखी. पुस्तिका उघडली की गाण्यांपेक्षा पुढच्या अल्बमच्या जाहिरातीच जास्त. मास्टर पीचा भाऊ सिल्क द शॉकर तालात कधी आला सांगा. स्नूप डॉग डेथ रो हे लेबल सोडून नो लिमिटकडे आला तेव्हा सगळे नाचले, अल्बम पहिल्या नंबरला गेला हे मान्य, पण आता कोण ऐकतं तो? उलट कॅश मनीकडे एकटा मॅनी फ्रेश, सगळं संगीत त्याचं. ज्युव्हेनाइलचा '400 डिग्रीझ' लावा, आजही शिळा वाटत नाही. ते 'बॅक दॅट' गाणं लग्नात लागलं की इथे आज्ज्या उठतात, व्हायोलिनची पहिली ओळ पुरे होते. 'ब्लिंग' हा शब्द जगभर पोचवला तो पण ह्यांनीच. रॅपर मिस्टिकल मात्र तुमचा, तेवढं देतो.

* * *

भांडा, भांडा. मला शब्द कळायचे म्हणून मला ते संगीत कधीच पूर्ण आवडलं नाही. बायकांबद्दल जे म्हणतात ते ऐकून गाडीतून उतरावंसं वाटायचं. नो लिमिटच्या मिया एक्स ह्या रॅपर बाईसाठी थांबले. ती त्या सगळ्या रणगाडेवाल्यांच्या मध्ये उभी राहून मोठ्या बहिणीसारखी दटावायची. तिची 'अनलेडी लाइक' माझ्याकडे कॅसेटवर होती, 1997 ची. रात्री लायब्ररीतून एकटी परत येताना वॉकमनवर तीच.

* * *

थोडं वेगळं लिहितो. कॅट्रिना वादळ ऑगस्ट 2005 ला आलं, मी त्या हिवाळ्यात इथल्या ग्रूपबरोबर न्यू ऑर्लिन्सच्या जेंटिली भागात घरं उपसायला गेलो होतो. उपसायची म्हणजे सगळं बाहेर काढून फुटपाथवर ढीग लावायचा, मग भिंतीचे जिप्समचे तक्ते तोडायचे, खालचा लाकडी सांगाडा तेवढा ठेवायचा. मास्क लावूनही वास जात नाही, फ्रीज तर उघडायचाच नाही, पट्टी गुंडाळून तसाच बाहेर. एका घरात वरच्या खोलीत पोराचं कपाट होतं, त्यात सीड्यांची चळत. पाणी तिथपर्यंत चढलेलं. केसेसमध्ये तपकिरी गाळ, पुस्तिका फुगून एकमेकींना चिकटलेल्या, चेहरे सगळे विरघळलेले, पण एकीवर सोनेरी रणगाडा ओळखू येत होता. घरातल्या मावशी रस्त्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. विचारलं ह्या ठेवायच्या का. त्यांनी एक हातात घेतली, पदराने पुसावी तशी टी-शर्टने पुसली आणि म्हणाल्या तो अटलांटाला आहे, त्याला विचारते. आम्ही ती चळत ढिगात टाकली नाही, खुर्चीपाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा खुर्ची होती, सीड्या नव्हत्या.

कॅलिओपीच्या त्या विटांच्या इमारतीही पुढच्या काही वर्षांत बहुतेक पाडल्या. कॅश मनीवाल्यांची मॅग्नोलिया ही तशीच सरकारी वस्ती पण.

* * *

धागाकर्ता परत आलोय. वरचं वाचून बराच वेळ काही टाइप केलं नाही.

कॅश मनीवाल्या दादा, सिल्कबद्दल मी वकिली करणार नाही. बाकी लेबल 2003 ला दिवाळखोरीत गेलं तेव्हा माझ्या त्या मित्राला फोन केला होता, तो म्हणाला मास्टर्स कोणाचे ते विचार, आणि फोन ठेवला.

आणि इचलकरंजीवाले भाऊ, एक काम आहे. पोरगं मे महिन्यात हायस्कूलमधून बाहेर पडतंय. अंगणात लावायला फ्लेक्स हवाय, तसाच, हिऱ्यांच्या अक्षरांत. त्याला सांगितलेलं नाही.

* * *

फोटो पाठवा. गुडघ्यापर्यंतचा, हात घडीचा. रणगाडा मी टाकतो.