पहिले सायकलिंग शूज घ्यायचेत, आधी काय बघू?

बी-२०३: सोसायटीच्या ग्रुपवर सायकल चालवणारे बरेच आहात म्हणून इथेच विचारते. आठ महिने साध्या स्पोर्ट शूजवर चालवतेय, आता रविवारचे ५०-६० किमी व्हायला लागलेत. तीसच्या पुढे गेलं की उजव्या पायाची शेवटची दोन बोटं बधिर होतात, आणि चढावर उभं राहून मारलं की पाय पेडलवरून सरकतो. सगळे म्हणतात क्लीटवाले शूज घे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा बसवलेले. बघायला बसले तर काही सुधरेना, क्लीट बसवायला तळाला दोन होलवाले, तीन होलवाले, लेडीज वेगळे, पेडल परत वेगळंच घ्यायचं. आधी शूज घेऊ की पेडल?

सी-१०४: सरळ रोडचे तीन होलवाले घे ताई, पेडल पण त्याचंच. नंतर बदलत बसायला लागत नाही.

ए-३०२: मी तर म्हणेन आधी क्लीट हवेतच का ते बघ. मी चार वर्षं फ्लॅट पेडलवरच आहे पण ते सायकलसोबत येतात तसले प्लॅस्टिकचे नाहीत, रुंद मेटलचे, वर बारीक पिना असलेले. त्याच्यावर चपट्या रबरी तळाचा शूज घातला की पाय हलत नाही. माझ्या मागे मुलगा सीटवर असतो, मला पाय कधीही पटकन खाली टेकवता यायला हवा.

ए-५०१: बी-२०३ अगं थांब, घाईने काही मागवू नकोस. जरा सविस्तर लिहिते, वाचायला लांब होईल.

आधी बधिर बोटांचं. शेवटची दोनच बोटं बधिर होतात म्हणजे बहुतेक शूज बाजूने आवळतोय. करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या कडेला एक हाड येतं बघ, तिथे बोट दाबून बघ राइडवरून आल्यावर, दुखतं का. सायकलवर तासभर बसलं की पाय सुजतो, सकाळी घालताना बरा वाटलेला शूज तासाभराने घट्ट होतो. त्यात स्पोर्ट शूजचा तळ मऊ, तो पेडलवर वाकतो आणि सगळा भार एका छोट्या जागेवर येतो. कडक तळाचा शूज घेतलास की तो भार पसरतो. पण तोच कडक शूज अरुंद असला तर आत्तापेक्षा जास्त त्रास होईल, कारण तो सैल होतच नाही. मला माझ्या पहिल्या वेळी दुकानात सांगितलं होतं "वापरून सैल होतील", मी विश्वास ठेवला आणि पूर्ण सीझन अंगठ्याच्या बाजूला घट्टे घेऊन फिरले. सायकलिंग शूज पहिल्या दिवशी बसला तरच घ्यायचा.

माप असं घे. संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर. राइडला घालतेस तेच मोजे घाल, कागद भिंतीला टेकवून ठेव, टाच भिंतीला लावून त्यावर उभी रहा, बसून नाही, उभं राहिल्यावर पाय लांबतो. सगळ्यात पुढच्या बोटाशी खूण कर. दोन्ही पायांचं घे, मोठा पाय धरायचा. रुंदी पण मोज, सगळ्यात रुंद जागी. मग कंपनीच्या तक्त्यात सेंटीमीटर बघ, नंबर नाही. उदाहरणार्थ शिमानोच्या तक्त्यात ३८ म्हणजे २३.८ सेमी आणि ३९ म्हणजे २४.५, दुसऱ्या कंपनीचा ३८ तेवढाच असेल असं धरून चालू नकोस.

बी-२०३: आत्ता लगेच मोजलं काकू. डावा २३.९, उजवा २४.३!! मला माहीतच नव्हतं दोन पाय वेगळे आहेत.

ए-५०१: खूप जणींचे असतात. म्हणजे तू २४.३ धरून बघायचं, म्हणून बधिर पण उजवाच होतोय.

बी-२०३: मग लेडीज मॉडेलच घेऊ ना?

ए-५०१: लेडीज लिहिलंय म्हणून घ्यायचं नाही आणि लिहिलंय म्हणून टाळायचं पण नाही. नीट बनवलेल्या लेडीज शूजमध्ये टाच अरुंद असते, वरची उंची कमी असते आणि लहान नंबर मिळतात, ज्यांचा पाय पुढे रुंद आणि टाचेला बारीक आहे त्यांना याचा खरंच फायदा होतो. पण काही मॉडेल नुसता रंग बदलून लेडीज म्हणून विकतात. माझाच पाय रुंद आहे, मी युनिसेक्सच्या वाइड फिटिंगवर आहे आणि माझ्या मुलीला मात्र त्यात टाच उचलली जाते, ती लेडीजच घालते. घातल्यावर तीनच गोष्टी बघ. बोटं पुढे टेकत नाहीत आणि आत हलवता येतात का, टाच धरून पाय वर ओढला तर टाच सुटत नाही ना, आणि बाजूने कुठे हाड दाबलं जात नाही ना. बंद करायला वेल्क्रो असो, लेस असो की बोआचं, म्हणजे वायर आवळणारं, फिरकं असो, फिटिंग बरोबर असेल तर सगळं चालतं. बोआची सोय एवढीच की चालवता चालवता एक-दोन टक सैल करता येतं, पाय सुजला की.

सी-१०४: काकू फिटिंगचं मान्य, पण पेडलचं काय. तीन होलला प्लॅटफॉर्म मोठा मिळतो, ताकद पूर्ण उतरते, लांब राइडला तेच बरं.

ए-५०१: दादा तू रेस करतोस, तुझं बरोबर आहे. मोठ्या क्लीटवर भार छान पसरतो, शंका नाही. पण हिची राइड कशी आहे बघ ना, चहाला थांबणार, सिग्नलला पाय टेकणार, पार्किंगमधून लॉबीतून लिफ्टपर्यंत सायकल ढकलत नेणार. तीन होलचं प्लॅस्टिकचं क्लीट तळाच्या बाहेर येतं, लॉबीच्या ओल्या फरशीवर त्यावर चालणं म्हणजे घसरायलाच आमंत्रण, आणि चालून चालून ते झिजतं पण लवकर. दोन होलचं क्लीट छोटं, लोखंडी, तळाच्या रबरात खोल बसवलेलं, साध्या बुटासारखं चालता येतं. शिवाय त्या पेडलला दोन्ही बाजूंनी पाय अडकतो, खाली वाकून पेडल सरळ करत बसायला लागत नाही. नवीन माणसाला सिग्नल सुटल्यावर गाड्यांच्या मध्ये हे फार महत्त्वाचं आहे. आणि पेडल वर ओढून ताकद मिळते वगैरे आपण ऐकतो पण खरा जोर खाली दाबतानाच लागतो, क्लीटचा मुख्य फायदा पाय एका जागी धरून ठेवतो हा. तो दोन होलमध्ये पण मिळतो.

डी-४०१: एक महत्त्वाचं, माझी फसगत सांगते. एसपीडी आणि एसपीडी-एसएल ही शिमानोची दोन वेगळी पेडल आहेत!! मी पेडल घेतले एसपीडीचे आणि शूज आले तीन होलचे, बॉक्सवर दोन्हीकडे एसपीडी वाचून मला एकच वाटलं. क्लीट बसतच नव्हतं. पंधरा दिवस परत करण्यात गेले.

ए-५०१: हे फार बरं केलंस सांगितलंस. एसपीडी म्हणजे दोन बोल्ट, छोटं लोखंडी. एसपीडी-एसएल म्हणजे तीन बोल्ट, मोठं प्लॅस्टिकचं. लूक कंपनीच्या कीओ पेडलचं क्लीट पण तीन बोल्टचं पण ते एसएलच्या पेडलमध्ये बसत नाही. बूट उलटा करून होल मोज, पेडलच्या डब्यावरचं पूर्ण नाव वाच, आणि क्लीट शक्यतो पेडलच्याच डब्यात येतात ते वापर. काही बुटांना दोन्ही होल असतात पण मग दोन होलचं क्लीट बाहेरच राहतं, चालायची सोय गेली. आधी शूज की पेडल विचारलंस ना, आधी शूज. पायात बसणारा शूज मिळायला कठीण, पेडल काय कुठेही मिळेल.

बी-२०३: या पेडलना क्लिपलेस का म्हणतात मग, अडकवतोच आहे ना 😅

सी-१०४: पूर्वी पेडलवर पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला टो क्लिप म्हणायचे. तो गेला म्हणून क्लिपलेस. लूक ही स्कीच्या बाइंडिंग बनवणारी कंपनी, त्यांनी १९८४ ला तीच कल्पना पेडलवर आणली आणि बर्नार्ड इनो १९८५ ची टूर दे फ्रान्स त्यावर जिंकला. शिमानोचं दोन होलचं एसपीडी १९९० चं, माउंटन बाइकवाल्यांसाठी, चिखलात उतरून चालायला लागतं म्हणून.

ए-३०२: मला एक सांगा, पडायची भीती वाटते म्हणून मी अजून घेतले नाहीत. पाय सुटलाच नाही तर?

ए-५०१: भीती बरोबर आहे. मी स्वतः पडलेय, वेगात नाही, उभ्या उभ्या. सिग्नलला थांबले, डावा पाय काढलेला, सायकल उजवीकडे कलली आणि उजवा पाय आत अडकलेला. कोपर फुटलं, तीन आठवडे पट्टी. म्हणून सांगते ते लक्ष देऊन वाचा.

एसपीडी पेडलवर किती घट्ट धरायचं त्याचा छोटा स्क्रू असतो, ३ एमएमची ऍलन की लागते. दोन पेडल, प्रत्येकाला दोन बाजू, म्हणजे एकूण चार स्क्रू. चारही सगळ्यात सैल करून टाकायचे, टक टक मोजत, चारही सारखे. नवीन पेडल येतं तेव्हा बरेचदा ते नवख्याला घट्टच वाटतं, आणि तसंच वापरतो म्हणून माणूस पडतो. दुसरं, एसपीडीचं एसएच५१ नावाचं क्लीट असतं, त्याला टाच बाजूला वळवली की पाय सुटतो. एसएच५६ नावाचं दुसरं क्लीट मिळतं, ते वर ओढलं तरी सुटतं. घाबरून माणूस पाय वरच ओढतो, म्हणून पहिले काही महिने ५६ लावायला हरकत नाही. एका बाजूला फ्लॅट आणि एका बाजूला एसपीडी असलेले पेडल पण येतात, ए-३०२ तुला ते बघ, मुलगा मागे असताना फ्लॅट बाजू वापर.

पेडल लावताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. लक्षात ठेवायला सोपं, पान्याचा वरचा दांडा पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्हीकडे घट्ट होतं, मागे फिरवला की सुटतं. आट्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर वर्षभराने निघत नाही.

बी-२०३: आणि क्लीट शूजला कुठे लावायचं? पुढे मागे सरकतं दिसतंय.

ए-५०१: इथेच गुडघा वाचतो किंवा जातो. शूज घालून अंगठ्याच्या मुळाचं हाड बाहेरून चाचपून मार्करने खूण कर, करंगळीच्या मुळाचं पण. दोन खुणांच्या मधोमध पेडलचा दांडा आला पाहिजे, थोडा मागे चालेल, पुढे नको. पुढे ठेवलं की पोटरी ओढते आणि बोटांवर भार येतो, तुझं बधिर व्हायचं दुखणं परत. मग वळण. टेबलवर बस, पाय लोंबकळू दे, पंजे सरळ आहेत की बाहेर वळलेत बघ. बाहेर वळत असतील तर क्लीटचं नाक बुटावर आतल्या बाजूला वळवायचं, उलटं वाटतं पण तसंच आहे. पाय जबरदस्तीने सरळ ठेवलास तर गुडघ्याच्या बाजूला दुखणार. क्लीटमध्ये ४ अंशाची सैल हालचाल आधीच असते त्यामुळे अगदी काटेकोर नसलं तरी निभतं. बोल्ट घट्ट केल्यावर क्लीटची कड मार्करने आखून ठेव, सरकलं तर लगेच कळेल. आणि शूज-पेडल बदलले की सीटची उंची परत तपास, तळाची जाडी बदलते.

बी-२०३: (नऊ दिवसांनी) काकू आले शूज. ३९ वाइड, दोन होल, दोन्ही बाजूंचं एसपीडी. चारही स्क्रू सैल केले, मोजून. काल पार्किंगच्या खांबाला धरून उजवा ५० वेळा, डावा ५० वेळा अडकवला-काढला. पहिले दहा नुसते हादरे होते मग टाच आपोआप वळायला लागली.

ए-५०१: छान. आता खांबाशिवाय, पार्किंगमध्येच दोन चकरा. थांबायच्या आधी दहा-पंधरा मीटर पाय काढायचा, थांबल्यावर नाही. नेहमी तोच पाय, आणि सायकल त्याच बाजूला कलव. माझं तिथेच चुकलं होतं.

बी-२०३: आज सकाळी ३२ किमी केले. बोटं जागी आहेत!! फक्त डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंचित जाणवतंय.

ए-५०१: डाव्याचं क्लीट किती वळवलंयस? फोटो टाक, मार्करची रेघ दिसेल असा. आणि उद्या राइड नको, संध्याकाळी पार्किंगमध्ये ४ एमएमची ऍलन की घेऊन ये, मी येते, एक मिलिमीटर फिरवून बघू.

ए-३०२: मी पण येऊ का, बघायला? अर्धे फ्लॅटवाले मागवलेत.